'पर्सेपोलिस': सोनेरी चावी आणि पावाचा हंस

सांजवारा (धागाकर्ती)

मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' परवा पुन्हा वाचून काढलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा क्रांती, युद्ध आणि हिजाब एवढंच लक्षात राहिलं होतं. या खेपेला नजर खिळली ती लहानसहान वस्तूंवर. त्यातल्या दोन तर डोक्यातून जाईनात, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सत्रापीचा जन्म १९६९चा, बालपण तेहरानमध्ये, घर सुखवस्तू आणि डाव्या विचारांचं. १९७९च्या जानेवारीत इराणचा राजा, म्हणजे शहा, देश सोडून गेला, फेब्रुवारीत धर्मगुरू खोमेनी परत आले, आणि १९८०च्या सप्टेंबरात इराकशी युद्ध सुरू झालं ते आठ वर्षं चाललं. १९८४ साली आईवडिलांनी चौदा वर्षांच्या मार्जीला एकटीला व्हिएन्नाला पाठवलं. चार वर्षांनी ती परतली आणि १९९४ला पुन्हा निघाली, फ्रान्सला, ती कायमची. हे सगळं तिने फ्रेंचमध्ये, काळ्यापांढऱ्या चित्रचौकटींत सांगितलं. २००० ते २००३ या काळात चार खंड आले.

देशांतर म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो. या पुस्तकात मात्र ते पहिल्याच पानावर सुरू होतं. १९८० साल. दहा वर्षांची मार्जी डोक्याला रुमाल बांधून समोर बसली आहे. शेजारच्या चौकटीत वर्गाचा फोटो आहे, चार मैत्रिणी पूर्ण दिसतात आणि मार्जी अगदी डाव्या टोकाला, चौकटीच्या रेषेने कापली गेलेली. ती सांगते की मी इथे बसलेय, म्हणून तुम्हाला दिसत नाही. मुलगी अजून स्वतःच्या शहरात, स्वतःच्या शाळेत आहे आणि चित्राबाहेर गेलीसुद्धा!

आता त्या दोन वस्तू.

पहिली चावी. सत्रापींच्या घरी काम करणाऱ्या नस्रीनबाई रडत येतात. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत एक चावी दिली आहे. प्लास्टिकची, वर सोनेरी रंग दिलेली. युद्धात मेलास तर या चावीने स्वर्गाचं दार उघडेल, असं त्याला सांगितलंय. मार्जीची आई त्या मुलाला समोर बसवून समजावते, पण तो आपल्याच स्वप्नात. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर वरच्या मोठ्या चौकटीत सुरुंगांच्या स्फोटांत हवेत उडालेली मुलं आहेत. त्यांना चेहरे नाहीत, नुसत्या काळ्या आकृत्या, आणि प्रत्येकाच्या गळ्यात चावी. खाली मार्जीच्या आयुष्यातली पहिली पार्टी: हवेत उड्या मारणारी मुलं, आईने विणून दिलेला भोकाभोकांचा स्वेटर, गळ्यात खिळे अडकवलेली साखळी. वरच्या आणि खालच्या मुलांचे हातपाय जवळपास सारखेच फेकलेले आहेत.

दुसरी वस्तू पावाचा हंस. मार्जीचा काका अनुश शहाच्या तुरुंगात नऊ वर्षं काढून सुटतो आणि तिला तुरुंगात पावापासून घडवलेला छोटा हंस देतो. सोबत स्वतःची सगळी हकीकतही सांगतो. सगळं कळलं नाही तरी चालेल, पण आपल्या घराची ही आठवण हरवता कामा नये, असं त्याचं म्हणणं. नव्या राजवटीत त्याला पुन्हा पकडतात. शेवटच्या भेटीला एकाच माणसाला बोलावता येतं आणि तो मार्जीला बोलावतो. तिथे दुसरा हंस देतो. मग वर्तमानपत्रात बातमी येते: रशियन हेराला देहदंड.

एरवी चावी वाईटांच्या बाजूची आणि हंस चांगल्यांच्या बाजूचा म्हणून आपण पुढे जातो. मला वाटतं सत्रापी त्याहून अवघड काहीतरी दाखवते. दोन्ही वस्तू मोठ्यांनी एका मुलाच्या हातात ठेवल्या आहेत, दोन्ही स्वस्तातल्या, आणि दोन्हींना मरणाची गोष्ट जोडलेली. शिवाय मार्जी स्वतः हुतात्म्यांसाठी किती आसुसलेली आहे ते लेखिका लपवत नाही. मैत्रिणीचा बाप तुरुंगात राहून आला आणि आपला नाही, याचं तिला वाईट वाटतं. आजोबांना पाण्याच्या कोठडीत ठेवलं होतं हे कळल्यावर ती तासन्‌तास आंघोळीच्या टबात बसून राहते, बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत. काका मिळाल्यावर ती शाळेत मिरवते. नस्रीनबाईंच्या मुलाच्या मनातली हीच भूक शाळेने ओळखली आणि वापरली. फरक एवढाच की हंस मार्जीकडे फक्त आठवण मागतो आणि चावी त्या पोराचा जीव मागते. पण भूक एकच. बालपणाबद्दल इतकं खरं लिहिलेलं मी फार कमी वाचलंय.

तुम्हाला काय दिसलं ते लिहा.

---

कृष्णधवल

चावी आणि हंस शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. फार आवडलं.

मी चित्रांबद्दल लिहितो. शेड नाही, राखाडी नाही, फक्त काळं आणि पांढरं. त्यामुळे आकार आणि रिकामी जागा यांच्यावर सगळा भार येतो. अबादानच्या रेक्स सिनेमाची आग बघा (ऑगस्ट १९७८, कित्येक माणसं आत कोंडून जळाली). सत्रापीने जळालेले देह काढलेच नाहीत. खुर्च्यांवरून ज्वाळा उठतात आणि त्या ज्वाळांनाच माणसांचे चेहरे आहेत, दाराकडे धावणारे.

दुसरी जागा शेजारच्या ज्यू कुटुंबाच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं ती. शनिवार असल्यामुळे ते घरीच होते. आई मार्जीचा हात धरून तिला घाईघाईने पुढे नेते, पण तिला ढिगाऱ्यात मैत्रिणीचं फिरोजा खड्यांचं कडं दिसतं. ते अजून कशालातरी चिकटलेलं होतं, इतकंच ती म्हणते. मग मार्जीने चेहरा हातांनी झाकलेला. आणि पुढची चौकट पूर्ण काळी. जगातली कुठलीही किंकाळी पुरली नसती, असं खाली लिहिलंय. चित्रकाराने हात खाली ठेवले, त्याने जे साधलं ते रक्तामांसाच्या दहा चित्रांनी साधलं नसतं.

२००७चा चित्रपट पाहिलेल्यांना आठवेल, त्यात पॅरिसच्या विमानतळावरचा वर्तमानकाळ रंगीत आहे आणि इराण काळंपांढरं. पुस्तकात तसा आधार कुठेच मिळत नाही. मला पुस्तकातलं जास्त पटतं.

---

अनवट

धागा उत्तम, पण हिजाबावरून पटकन पुढे गेलात असं वाटलं. तो या पुस्तकाचा कणा आहे. पहिल्या प्रकरणाचं नाव तेच, आणि व्हिएन्नाचा भाग संपतो त्या प्रकरणाचंही नाव तेच. दुसऱ्यांदा ती आरशासमोर स्वतःच्या हाताने रुमाल बांधते आणि घरी परतते. पहिल्या वेळी मैदानात मुली त्या रुमालांच्या दोऱ्या करून उड्या मारत होत्या. आठेक वर्षांत खेळणं गेलं आणि परतीचं तिकीट झालं.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे हा विषय निघाला की लोक 'कापड चांगलं की वाईट' यावर वाद घालतात. इराणात १९३६ साली रेझा शहाने (१९७९ला पळालेल्या शहाच्या बापाने) फर्मान काढून बुरख्यावर बंदी घातली तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादर ओढून काढत. क्रांतीनंतर तेच रस्ते आणि तीच सरकारी दंडेली, फक्त उलट दिशेने. ८ मार्च १९७९ला तेहरानच्या बायका सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. मार्जीची आई अशाच एका मोर्चात जाते, तिचा फोटो युरोपातल्या वर्तमानपत्रांत छापून येतो आणि पुढे कित्येक दिवस ती भीतीने काळा चष्मा लावून, केस रंगवून फिरते. २०२२मध्ये महसा अमिनीचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर ज्या मुली रुमाल जाळत होत्या, त्यांच्या आज्या या मोर्चातल्या असतील.

---

मुळाकाठी

माझा मुद्दा वर्गाचा. शाळेचा नव्हे, गरीब-श्रीमंताचा.

चावी कुणाला मिळते? कामवालीच्या मुलाला. मार्जी आपल्या आतेमामे भावंडांतल्या एकाला फोन करून विचारते की तुमच्या वर्गात चाव्या वाटल्या का. तो म्हणतो, कसल्या चाव्या? एवढ्या एका प्रश्नात सगळं आलं. पुढे आघाडीवरून सुट्टीवर आलेला एक नातेवाईक सांगतो की गरीब वस्त्यांतून पोरं बस भरभरून येतात.

आता त्याआधीचं मेहरीचं प्रकरण बघा. मेहरी आठव्या वर्षी सत्रापींच्या घरी कामाला आली. तिला लिहितावाचता येत नाही. शेजारच्या मुलावर प्रेम बसतं तेव्हा छोटी मार्जी तिची पत्रं लिहून देते. त्या मुलाला ती घरची मुलगी वाटत असते. मार्जीचे वडील, जे शहाविरुद्धच्या मोर्चांना जातात, समतेची भाषा बोलतात, तेच जाऊन त्याला सांगतात की ही आमची मोलकरीण आहे. प्रकरण संपतं. मार्जीला ते सांगतात की इथे प्रत्येकाने आपल्या वर्गातच राहायचं असतं. आपल्या सगळ्यांच्या घरी हे घडलेलं आहे, फक्त आपण लिहून ठेवत नाही.

थोडं वैयक्तिक. ऐंशीच्या दशकात मी पुण्यात कॉलेजात होते तेव्हा बरेच इराणी विद्यार्थी शिकायला असत. आमच्या वर्गातला एकजण रात्री शॉर्टवेव्ह रेडिओ कानाला लावून बसायचा, सुई मिलिमीटरने सरकवत, खरखरीतून फारसी बातम्या वेचत. मध्येच हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. कुठल्या शहरावर बॉम्ब पडले ते ऐकायचं असायचं. त्याला परत जायचं नव्हतं, कारण गेला की सैन्यात. त्याचं घर तिथे होतं आणि त्याला त्या घरचंच भय होतं. आम्ही त्याला सणाला जेवायला बोलवायचो आणि तुला घरची आठवण येते का विचारायचो. 'पर्सेपोलिस' वाचल्यावर तो प्रश्न किती क्रूर होता ते कळलं.

---

रानपाखरू

मी गेली बरीच वर्षं जर्मनीत आहे. दुसऱ्या भागाबद्दल (व्हिएन्ना आणि परतल्यानंतरचा काळ) फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

आधी एक स्पष्ट करते. आम्ही नोकरीसाठी इथे आलो, वर्षातून एकदा घरी जातो, लोणचं-पापड घेऊन येतो. त्याला देशांतर म्हणणं हा मार्जीसारख्यांवर अन्याय आहे. तिच्यामागे दार लागलेलं होतं. विमानतळावर ती मागे वळून काचेतून बघते तर आई बेशुद्ध पडलेली आणि वडील तिला उचलून नेताहेत. न वळता गेले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते.

व्हिएन्नात तिची परवड एकदम होत नाही, हळूहळू होते. आधी ओळखीच्या बाईच्या घरी, मग नन चालवत असलेल्या वसतिगृहात. तिथे एकदा ती टीव्हीसमोर भांड्यातूनच पास्ता खाते. नन म्हणते, इराण्यांना शिक्षण नसतं हे खरंच दिसतं. मार्जी ननच्या जातकुळीवर तितकंच कडवट बोलते आणि रस्त्यावर येते. इथपर्यंत ती ताठ आहे. पण पुढे एका पार्टीत, कुठली म्हणून विचारल्यावर ती 'फ्रेंच' म्हणून सांगते. त्या रात्री तिला आजीचे शब्द आठवतात. निघायच्या आदल्या रात्री आजीने सांगितलं होतं, स्वतःशी इमान राख.

आणि मग तो शेवट. प्रेम मोडतं, घर सुटतं, ती थंडीत ट्रॅममध्ये झोपते, कचऱ्यातलं खाते, खोकल्यातून रक्त पडतं, इस्पितळ. फोनवर आईवडिलांना ती एकच अट घालते की या दिवसांबद्दल मला कधी विचारायचं नाही. ते कधीच विचारत नाहीत. तेहरानला परतल्यावर रस्त्यांना हुतात्म्यांची नावं दिलेली, भिंतींवर त्यांची प्रचंड चित्रं, मित्रांपैकी कुणी युद्धात हातपाय गमावलेला. यांच्यासमोर मी व्हिएन्नाच्या रस्त्यांचं काय सांगू, असं वाटून ती गप्प राहते. बाहेर इराणी म्हणून परकी आणि घरी परदेशातून आलेली म्हणून परकी. माझ्या मते या आठवणींचं सगळ्यात खोल दुखणं इथे आहे. दुःखाला तोलायला समोर दुसऱ्यांचं मोठं दुःख असलं की माणसाला आपल्या दुःखाचा हक्कच राहत नाही.

---

सांजवारा

रानपाखरू, शेवटचं वाक्य अगदी पटलं. तिचं नैराश्य परतल्यावर येतं, तिकडे असताना नाही, हे बहुतेक परीक्षणांत निसटतं.

आजीचं निघालंच आहे तर जाईच्या फुलांबद्दल. आजी रोज सकाळी जाईची फुलं आपल्या चोळीत ठेवते. रात्री कपडे उतरवताना ती फुलं खाली पडतात आणि मार्जीला तो वास आवडतो. यावर सगळीकडे 'मायेचं प्रतीक' असं लिहिलेलं सापडतं. माया आहेच, पण आजी नुसती मायाळू नाही. परतल्यानंतरचा एक प्रसंग आठवा. मार्जी लिपस्टिक लावून रस्त्यात कुणाची तरी वाट बघत असते आणि क्रांतिरक्षकांची गाडी येते. आपण पकडले जाऊ म्हणून ती जवळच बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे बोट दाखवते, याने मला काहीतरी घाणेरडं म्हटलं. ते त्याला उचलून नेतात. ती ही गोष्ट मोठ्या खुशीत आजीला सांगते. आजी भडकते. तुझे आजोबा आणि तुझा काका कशासाठी तुरुंगात गेले, हे विचारते. पुढे कॉलेजच्या सभेत मार्जी उभी राहून बायकांच्या पोशाखाच्या नियमांना जाहीर विरोध करते, तेव्हाच आजी पुन्हा जवळ घेते.

म्हणजे ज्या राजवटीने तिचं बालपण नासवलं, तिच्याच यंत्राचा तिने एका निरपराध माणसाविरुद्ध वापर केला. स्वतःच्या आठवणी लिहिताना हे पान ठेवायला धैर्य लागतं.

---

जुनी वही

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. स्वतःच्याच गावात चौकटीबाहेर बसवलेल्या मुलांची आत्मकथनं आपण १९७८च्या 'बलुतं'पासून वाचतो आहोत. दया पवारांनी तिथे एक युक्ती केली होती. शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया आणि लहानपणचा दगडू असे दोघे समोरासमोर येतात आणि दगडू बोलतो. सत्रापीकडेही दोघी आहेत. चौकटीच्या वरच्या पट्टीत पॅरिसमध्ये बसून लिहिणारी बाई, आणि खाली फुग्यात बोलणारी मुलगी. मुलीला जे कळत नाही ते बाईला कळतं, पण बाई मुलीच्या मधे पडत नाही. पवारांनीही दगडूला अडवलं नव्हतं.

---

धोबीतलाव

पुस्तकाच्या नावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पर्सेपोलिस म्हणजे तख्त-ए-जमशेद. इसवी सनापूर्वी ५१८च्या सुमारास दरायसने बांधायला घेतलेली राजनगरी, जी ३३० साली अलेक्झांडरच्या सैन्याने जाळली. आमच्या फोर्टातल्या माणेकजी शेठ अग्यारीच्या दाराशी पंखांचे, माणसाच्या तोंडाचे बैल आहेत ना, तसेच बैल तिथल्या महाद्वारात आहेत. लहानपणी तिथून जाताना आजोबा थांबून दाखवायचे. जमशेदी नवरोजमधला जमशेदही तोच. १९७१मध्ये शहाने त्याच अवशेषांजवळ तंबूंचं शहर उभारून अडीच हजार वर्षांच्या साम्राज्याचा सोहळा केला, जगभरचे राजे-राष्ट्राध्यक्ष बोलावले. त्यावरचा राग पुढच्या क्रांतीत होताच.

गंमत अशी वाटत नाही, तर फार विचारपूर्वक केलेलं वाटतं, की 'पर्सेपोलिस' याच नावाच्या प्रकरणात मोर्चे आहेत. वडील मोर्चांचे फोटो काढायला गेलेत आणि उशीर झालाय, घरी सगळे काळजीत. परतल्यावर ते इस्पितळाबाहेरचा प्रसंग सांगतात. गोळी लागून मेलेल्या एका तरुणाला लोक खांद्यावर घेऊन घोषणा देत होते. तेवढ्यात आतून आणखी एक मृतदेह आला, म्हाताऱ्या माणसाचा. लोकांनी त्यालाही हुतात्मा म्हणून उचलला. त्याची बायको सांगत होती, अहो, हे कॅन्सरने गेले! शेवटी तीही घोषणा द्यायला लागली. मोठी माणसं हसतात आणि मार्जीला हसण्यासारखं काय ते कळत नाही. ती उठते आणि मिळतील तेवढी पुस्तकं वाचायचं ठरवते.

सांजवारा, तुमचा चावी-हंसाचा मुद्दा इथे पक्का होतो. युद्धाच्या आधी, चावीच्या आधी, आपल्याच बाजूच्या लोकांनी एक हुतात्मा तयार केलेला तिने ऐकलाय. आणि ज्या प्रकरणात हे आहे, त्याचंच नाव तिने सगळ्या पुस्तकाला दिलं.

---

सांजवारा

धोबीतलाव, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. मी त्या प्रकरणाकडे नुसता मोर्चाचा प्रसंग म्हणून बघत होते.

---

पायवाट

वाचतेय सगळं. एक व्यावहारिक प्रश्न. मुलगी नववीत आहे, तिला हे द्यावं का? छळाची चित्रं आहेत असं ऐकलंय.

---

मुळाकाठी

आहेत. तुरुंगातून सुटलेले दोघे मार्जीच्या घरी येऊन छळाच्या हकीकती सांगतात, तिथे इस्त्रीने भाजलेली पाठ आणि तुकडे केलेला देह असं काढलंय. तो देह एखाद्या पोकळ बाहुलीसारखा दिसतो, कारण ऐकणाऱ्या मुलीच्या कल्पनेतला आहे. २०१३ साली शिकागोच्या सरकारी शाळांनी अशाच चित्रांवरून सातवीच्या वर्गांतून पुस्तक काढलं होतं, मुलांनी आणि शिक्षकांनी निदर्शनंही केली होती. मी नववीच्या मुलीला बिनदिक्कत देईन, पण शेजारी बसून.

---

सांजवारा

पायवाट, मीही तेच म्हणेन. दुसरा भाग थोडा थांबून द्या, त्यात व्हिएन्नातली नशा आणि नाती आहेत, त्याला अकरावी-बारावी बरी. पहिल्या भागात मेहरीच्या पत्रांचं प्रकरण झालं की तिथे थांबून तिच्याशी बोला, वडील चुकले का ते तिला ठरवू द्या. मग चावीचं प्रकरण आलं की नस्रीनबाईंच्या मुलालाच ती चावी का मिळाली, हे तिला तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. आणि तिने अनुश काकाबद्दल काही विचारलं तर इथे जरूर लिहा, मला वाचायचंय.